झोळ

मंडई उद्यावर आली आणि मशीन
भागरथाबाईच्या बांधीत ओढायला लागली.
ओढायला म्हणजे, गिअर तोच, इंजिन तेच,
पण चालताना जणू कोणी मागून पदर धरलेला.
सकाळचं डिझेल दुपारीच तळाला,
आणि सरळ सोडली की आपोआप डावीकडे.

धुऱ्यावर पाच जण, पाच निदानं.
कोणी म्हणे पंप, कोणी म्हणे डिझेलात पाणी,
टिकाराम ड्रायव्हरचा साळा म्हणे, नजर हाय, लिंबू बांधा.
भागरथाबाई हत्तीमारे काही बोलली नाही.
ती पट्ट्यानं पाडलेल्या चाकोरीत उकिडवी बसली होती.
उभ्या धानात फेकलेली लाखोरी
बोटभर वर आली होती, आता चिखलात दाबलेली.
एकेक कोंब ती नखानं उचलून पाहत होती.

दुधराम शहारे आला लाखांदूरहून, लुनावर,
कॅरिअरला जॅक, गालात खर्रा.
इंजिनाकडे त्यानं पाहिलंच नाही.
"इंजिन तं चांगलं बोलते. दुखणं त्याचं नाही.
जे फिरत नाही, ते पाहू पहिले."

जॅक बुडू नये म्हणून फळ्या टाकल्या.
डावी बाजू वीतभर उचलली.
पट्ट्याच्या रबरी दातांना दोन्ही हात लावून
त्यानं ढकललं, दारात आडवी म्हैस ढकलावी तसं.
पट्टा हलला. जरासा. थांबला.
खुरप्यानं त्यानं रोलरमधली माती काढली,
वाळून वीट झालेली,
मग आसाला गुंडाळलेली तणीस ओढली
तर ती येतच राहिली, येतच राहिली,
वेणीएवढी जाड, ग्रीसनं काळी.
धुऱ्यावरून आवाज आला, सापडलं!
दुधरामनं पुन्हा ढकललं.
"जरा बरं. पण एवढ्यानं कोणी इतकं दमत नसते."

मधल्या रोलरखाली तो बोटं घालायला गेला.
एकही बोट जाईना.
मूठ मारली पट्ट्यावर.
टण्ण.
दंडारीत ढोलकी हाच वाजवतो, तीस वर्षं.
असा आवाज ऐकून खरं तर त्याचा चेहरा खुलायचा.

"कोनं कसला हा?"

मी पान्हा पुसत होतो.
पुसलेलाच पान्हा पुसत होतो.
परवा पवनीकडे वळणावर हाच पट्टा उतरला,
अर्धा दिवस बुडाला, मालक फोनवर नको ते बोलला.
त्या रात्री दातात बॅटरी धरून
मी एक आटा कसला, मग अजून एक,
मग एक नुसता भीतीचा.
वाटलं, घट्ट म्हणजेच पक्कं.

दुधरामनं माझ्याकडे पाहिलं. मग धुऱ्याकडे.
"कंपनीतूनच असा आला असंन," म्हणाला,
आणि बावीसचा पान्हा माझ्याच हाती दिला.
"ढिला कर. थांब म्हणून मी सांगतो."

लॉकनट किरकिरला. एक आटा.
त्यानं बोट घातलं.
अर्धा. अजून पाव.
आता दोन बोटं, आडवी, खर्ऱ्यानं रंगलेली,
रोलर आणि पट्ट्याच्या मधात
उसवल्या बाहीत जावीत तशी गेली.
"थांब.
ढोलकीले ताण लागते, पोरा. याले झोळ.
लई झाला तं उतरते, नाही झाला तं स्वतःलेच खाते."
उजवी बाजू बरोबरच होती. तरी तीही मोजली.

मग एका हातानं ढकललं,
आणि हात काढून घेतल्यावरही
पट्टा थोडा वेळ आपला आपणच फिरत राहिला.

टिकारामनं मशीन शेंड्यापर्यंत नेली, सरळ.
भागरथाबाई मागून चालत गेली, वाकून पाहत.
"उथळ पडते आता," एवढंच म्हणाली,
आणि वळण धुऱ्यापाशी घ्यायला लावलं.

दुधरामनं दोनशे घेतले, गाईसाठी तणसाचा एक भारा.
लुनाला किक मारता मारता मला म्हणाला,
"उद्या मंडईत ये जरा लवकर.
ढोलकी कसाले मानूस पायजे.
तुया हात कसाचाच हाय."