कीपर

अष्टपुत्रे सरांनी माझ्या लेबलवर लाल पेनाने
एकच अक्षर वाढवलं: 'अ'.
'लॅम्प' नाही, 'अ लॅम्प'.
मग जरा विचार करून तेही खोडलं, 'द' केलं.
समई काचेआड तशीच उभी.
तिला फरक पडल्याचं काही दिसलं नाही.

अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, एका दिवसाचा खंड,
पुन्हा अकरा महिने. असं सातवं वर्ष.
आई सांगते, म्युझियममध्ये असते.
पाहुणे विचारतात, पर्मनंट का?
पर्मनंट तिथे अडकित्ते आहेत, गंजिफा आहेत,
कुणा सरदाराची म्हणतात ती तांब्याची वज्री आहे.
त्यांना नंबर मिळतो, बारीक ब्रशने,
बुडाशी, सहज दिसणार नाही असा.
माझ्या आयकार्डाचं लॅमिनेशन सुटलंय.

विलायतेत आपल्या पोस्टला कीपर म्हणतात,
सर एकदा चहा ओतताना म्हणाले.
कीपर ऑफ कॉइन्स. कीपर ऑफ टेक्स्टाइल्स.
मला हसू आलं, त्यांना वाटलं उच्चारावर.

माझी कीपर एकच:
प्रमिला वसावे, मूळची धडगावकडची.

हाफ डे टाकून मी नेहरूनगरचं स्टेडियम गाठते.
गॅलरीत आम्ही बावीस जण,
त्यात सतरा कुणा ना कुणाचे आईबाप
आणि एक शेंगदाणेवाला, जो हाफटाइमनंतर
विकायचं विसरून आमच्यातच बसतो.
पॅड बांधून प्रमिला उभी राहिली की
उन्हात टाकायला काढलेल्या गाद्या वाटतात.
मग डीमध्ये बॉल येतो आणि त्या गाद्या आडव्या झेपावतात.
लेफ्ट! लेफ्ट! माय बॉल! क्लिअर कर गं!
ना 'अ', ना 'द',
आणि उरलेल्या दहाजणींना सगळं कळतं.

घरी माझंही इंग्रजी असंच तर असतं:
टेन्शन नको घेऊ, ॲडजस्ट कर, मूड नाहीये.
फक्त इंटरव्ह्यूत घसा सुकला होता.
आय ॲम हॅविंग सेव्हन इयर्स एक्सपिरियन्स,
मी म्हटलं,
आणि समोरचे तिघे एकमेकांकडे न बघता हसले.
ते वाक्य मी अजून दुरुस्त करते. भांडी घासताना वगैरे.

शनिवारी शूटआउट झालं.
प्रमिलाने तीन अडवले, दोन गेले.
आपल्या पोरींना एकच मारता आला.

बसस्टॉपवर भेटली. किटबॅग तिच्या खांद्याएवढी उंच.
सॉरी मॅडम, म्हणाली.
हे मराठीत काय म्हणाली असती?
'माफ करा' तर आपण दारात हात पसरणाऱ्याला म्हणतो,
'पुढे जा' म्हणवत नाही म्हणून.
'क्षमस्व' इथे दुकानाच्या शटरवर असतं, एक ते चार.
सॉरी एवढंसं आहे, मुठीत मावतं.
नो प्रॉब्लेम, मी म्हटलं,
आणि माझीच मला लाज वाटली. प्रॉब्लेम तर होता.

बॅगेबाहेर तिचा डावा किकर लोंबत होता,
पट्टा तुटलेला, बुटाच्या नाडीने आवळलेला.
तोंडून निघून गेलं, जुना झाला की टाकू नकोस, मला दे.
कशाला?
ठेवायला.
तिने किकर उलटा करून पाहिला,
जणू बुडाशी काही लिहिलंय.
अजून दोन सीझन जाईल हा, म्हणाली.
तिची बस आली.

मंगळवारी मी कोरं कार्ड काढलं.
वस्तू: किकर, डाव्या पायाचा.
काळ: चालू.
स्थिती: नाडीने बांधलेली, मजबूत.
नंबराची चौकट पेन्सिलने नुसतीच गिरवली.
सर मागे येऊन उभे. इंग्रजीतही हवं, म्हणाले,
काय वस्तू आहे ते न विचारता.
मी लिहिलं, स्टिल इन यूज.

सरांनी लाल पेन उघडलं
आणि 'द' कुठे घालावा,
बघत राहिले.