मोदलु राजा

चिकोडीच्या कल्याण मंटपात, पाचव्या फेरीत,
अथणीच्या सहना पट्टणशेट्टीकडून हरलो.
वय वर्षं अकरा. पाय जमिनीला पोचत नव्हते,
खुर्चीखाली चपला नुसत्या पडलेल्या,
एक उलटी.

एकेचाळिसाव्या चालीला मी हत्तीला हत्ती दिला.
वाटलं, आता प्यादीच उरली, बरोबरीच की.
मग राजे समोरासमोर आले,
मध्ये एक घर, रिकामं,
आणि चाल माझ्यावर.
बसून राहायची सोय या खेळात नाही.
मी बाजूला सरकलो. ती आत आली.

हात मिळवून उठणार, तर तिनं सोंगट्या
मागं लावायला घेतल्या, भराभर, माझ्यासुद्धा.
माझं कन्नड बाजारापुरतं,
तिला मराठी अजिबात नाही.
"इल्ल अंकल," हत्ती बोटानं दाबून धरत म्हणाली,
"मोदलु राजा."
आधी राजा.
आणि माझा राजा उचलून एक घर पुढं ठेवला.
हत्तीला ती आने म्हणते, घोड्याला कुदुरे.
घर मात्र एफ-सहा. दोघांचंही एफ-सहा.

निपाणीपर्यंत उभ्यानं आलो. खिशात नोंदीचा कागद.
डोक्यात चाललेलं : पंखा बंद होता,
उजेड डोळ्यांवर होता,
पोरगी सारखी नाक ओढत होती.

माझं दुकान मोटर रिवायंडिंगचं.
जळकी मोटर घेऊन येणारा प्रत्येक जण
व्होल्टेजलाच शिव्या देतो.
मी हूं म्हणतो, आणि उघडतो.
काळी तार सोडवत वेढे मोजतो,
कारण नवीन किती घालायचे
ते जळालेलीच सांगते.

रात्री शटर अर्धं ओढून पट मांडला.
मोदलु राजा. मग हत्ती.
आता चाल तिच्यावर. पंख्याशिवायही गार वाटलं.
पण थांब,
तिच्या एच-प्याद्याची एक चाल शिल्लक आहे.
ती चालते, आणि पुन्हा माझ्यावर.
माझं एच-प्यादं कुठाय?
केव्हाच पुढं जाऊन अडकलंय.

मागं. अजून मागं.
तेविसावी चाल : काही सुचेना म्हणून
एकदम दोन घरं ढकललेलं.
एकच ढकललं असतं तर.

कागद दिव्याखाली धरला.
त्या चालीपुढं
बसमध्ये मीच काढलेलं
एक ठसठशीत उद्गारचिन्ह.