अकरा नंबरचं कडं

काचेची नळी, दुहेरी भिंतीची.
भिंतींमधून फिरतं सदतीस अंशांचं पाणी,
आत मीठ, साखर, चिमूटभर कॅल्शियम,
तळातून प्राणवायूचे बुडबुडे,
पेज उकळायला लागते तेव्हाचे असतात तेवढे बारीक.

त्यात मी टांगते माणसाच्या श्वासनळीचं कडं.
रुंदी तीन मिलिमीटर.
खालचा हूक पक्का, वरच्याला रेशमी धागा,
धाग्याच्या टोकाला ओढ मोजणारा काटा.
गाठ मात्र माझी.
माहुलला जाळं सांधताना बापाने शिकवलेली,
ओढ बसली तर घट्ट, नाहीतर नखाने सुटणारी.
नवी पोरं विचारतात, तांडेलबाई, ही कुठल्या पुस्तकात?

मग तासभर काही करायचं नाही.
दर पंधरा मिनिटांनी पाणी बदलायचं,
मांसाला कापल्याचा विसर पडू द्यायचा.
परळमध्ये एवढी सवड कोण कुणाला देतं?
कड्यांना मिळते.

त्या मंगळवारी आम्ही मिरचीचा अर्क सोडला.
रेघा एकेक करून उठल्या,
झोपेत हाक मारल्यासारख्या.
अकरा नंबरची सरळ.
'मेलं असेल,' निनाद म्हणाला.
मी दुसऱ्या औषधाचा थेंब टाकला,
आणि कडं असं आवळलं की काटा थरथरला.
जिवंत होतं चांगलं.
तिखटाला फक्त हिंग लावून विचारत नव्हतं.

वहीत लिहिलं: मिरचीला प्रतिसाद नाही.
पुरुष, एकसष्ट, डावा खालचा खंड.
नावं खालीच राहतात, ऑपरेशनच्या मजल्यावर.
आमच्याकडे आकडे चढतात.

दीड महिन्याने एक गृहस्थ चुकून वर आले.
फाईल छातीशी, चपला दाराबाहेर काढलेल्या,
देवळात काढाव्यात तशा.
'सोनू कुळये. माझा तुकडा तुमच्याकडे दिलाय म्हणे.
सही केलेली मी.'
कुणाचं काय ते आम्हाला कळत नाही, मी म्हणाले,
नियमच आहे.
'असू दे. चौतीस वर्षं लालबागला डंकावर होतो.
मे महिन्यात तर मिरची, मिरची नि मिरची.
तोंडाला फडकं बांधायचे नवे लोक.
आम्ही नाही.'

त्यांच्या बाहीतून वास आला असावा,
मी तीनदा शिंकले.
ते हसायला लागले आणि हसू अर्ध्यात तुटलं,
उरलेल्या अर्ध्याला हवा पुरली नाही.

मला रेघ आठवली. सरळ.
तोंडाशी आलं होतं.
वही मिटून त्यावर हात ठेवला.

'एक विचारू?' नळ्यांकडे बघत म्हणाले,
'तो अजून खोकतो का? रात्रीचा?'

नाही, काका. इथे खोकला नसतो.
नुसतं आवळणं आणि सोडणं.

'मग बरंय त्याचं.'
थोडं थांबून, 'पाणी कोमट ठेवता ना?'
सदतीस, मी म्हणाले. कायम.

ओपीडी दुसऱ्या मजल्यावर, उजवीकडे, असं सांगितलं.
ते चपला घालायला वाकले
आणि वाकलेलेच राहिले, भिंतीला हात लावून.
मी मोजत बसले, सवयीने,
किती सेकंदांनी छाती वर येते ते.
मागे पंधरा मिनिटांचा गजर वाजत होता.
पाणी बदलायला निनाद धावला.