सहाव्या वहीतलं नाव

नागपूरहून आलेल्या बाईंनी लिहूनच आणलं होतं:
सलंग, म्हणजे अखंड. न तुटलेली.
मग तीन पानं परंपरेवर,
अर्धं पान कापडाच्या ताग्यावर,
आणि तळाशी, लाल शाईत, मला विचारायचा प्रश्न:
पण मुलीचं असं नाव असतं का हो कुठे?

नसतं जी.
आमच्याकडे सुपडा असते, कचरा असते.
आधीची दोन गेली की तिसरीला उकिरड्यावर ठेवून उचलतात,
नाव असं देतात की यमानं नाक मुरडावं.
पण सलंग नाही.
दुधरामकाकांनी ते कुठल्याच पाळण्यातून घेतलं नाही.

काका टपाल वाटायचे. सात गावं, एक सायकल.
कादंबरी आधी मनिऑर्डरच्या रद्द फॉर्मांमागे लिहिली,
मग माझ्या उरलेल्या वह्यांत.
भंडाऱ्याच्या छापखान्यानं पाचशे प्रती काढल्या.
शंभरेक गेल्या. बाकीच्या धानाच्या ढोलीशेजारी राहिल्या,
उंदरांनी प्रस्तावना तेवढी खाल्ली.

बाईंना मी तलावावर नेलं.
माघ होता, पाणी फार आत सरकलेलं.
ही पाळ, म्हटलं, आम्ही पार म्हणतो.
हे तुडूम, इथून बांध्यांत पाणी सुटतं.
आणि तिकडे, टोकाला,
जिथे पार हातभर ठेंगणी ठेवली आहे,
दगड लावून, मुद्दाम,
म्हणजे तलाव भरला की जास्तीचं तिथूनच जावं
आणि पार फुटू नये,
ती सलंग.

बाईंनी वहीकडे पाहिलं, मग दगडांकडे.
दगडांवर एक शेळी होती
आणि कुणाचंसं वाळत टाकलेलं लुगडं.
पाणी नसताना सलंग म्हणजे
नुसती बसायची जागा.
आम्ही बसलो.

म्हणजे अखंडच्या अगदी उलट, त्या म्हणाल्या.
उलट नाही जी. ती ठेंगणी, म्हणून बाकीची अखंड.
बोलले आणि वाटलं,
जास्त बोलले.

वह्यांची नक्कल मीच केली होती.
अकरा वर्षांची होते, अक्षर गोल, पानाला पाच पैसे.
पाचव्या वहीपर्यंत नायिका सुलोचना होती.
सहाव्या वहीत सुलोचना खोडून दुसरं एक नाव,
तेही खोडलेलं,
आधी दोन रेघा, मग शाई संपेपर्यंत गिरगटून.
आणि त्याच्या डोक्यावर, बारीक: सलंग.
काका, हे काय?
ते सायकलची साखळी बसवत होते. वर न बघता म्हणाले,
"आजी म्हनते ना तुह्या मायले,
हे बाई सलंग हाय, भरल्याबिगर बोलत नाही.
त्यातून घेतलं."

दोन रेघांखालचं मला तेव्हाही वाचता आलं होतं.

आईला अक्षर येत नव्हतं.
पुस्तक आलं तेव्हा मीच वाचून दाखवलं,
रोज रात्री थोडं, ती लाखोळीची डाळ निवडताना.
चौदाव्या प्रकरणात सलंग घर सोडते.
मध्यरात्र, पारीवर कंदील, पाणी दगडांवरून पलीकडे पडतंय,
आणि काकांची भाषा तिथे फार सुंदर झाली आहे.
आईचा हात सुपात तसाच फिरत राहिला.
"इथं तुह्या काकानं खोटं लिवलं," म्हणाली.
"मी गेली नवती.
बसली होती."

कुठे, ते मी विचारलं नाही.
पंधरावं प्रकरण सुरू केलं.

मग हे नाव मुळात कुणाचं? बाईंनी विचारलं.
अशी कुणी होती का गावात?
वाऱ्यानं लुगड्याचा पदर उचलला.
मी उठून त्यावर दगड ठेवला.
नाव तलावाचं आहे, म्हटलं.
लिहून घ्या. आणि तुडूममधला डू दीर्घ.
त्यांनी तेवढं नीट लिहून घेतलं.