कुटू नये

मानवतच्या बाजारपट्टीत आमचं मेडिकल, बारा फुटांचं.
वर पंखा, खाली मी,
पाठीमागे फळ्यांवर
वेगवेगळ्या वेगाची घाई.

लोकांना वाटतं, गोळी म्हणजे गोळी.
पण एक असते जिभेखाली ठेवायची,
छातीत कळ उठल्यावर पोटापर्यंत जायला वेळ कुणाला?
एक पोटातल्या आंबटाला चुकवून
पुढच्या आतड्यात अंगरखा काढते.
एक पाण्यात पडली की चिडते, फसफसते, संपते.
लेकरांच्या बाटलीत नुसती पावडर,
खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं
(मी प्रत्येक आईला दोनदा सांगते,
तिसऱ्यांदा विचारायला ती परत येते).
आणि काही गोळ्या नावापुढं
दोन इंग्रजी अक्षरं लावून येतात,
सरपंचाच्या गाडीवर पाटी असावी तशी.
अर्थ एवढाच : हळू.

आसाराम हातागळे
बत्तीस वर्षं जिनिंगमध्ये, कानात अजून मशीन चालू,
म्हणून मोठ्यानं बोलतात, गुपितसुद्धा.
"चौत्राला लकवा झाल्यापासून गिळंना.
मी गोळी खलात कुटतो, गुळात कालवून चाटवतो.
पण ताई, नऊला दिली की अकराला डोळे फिरवती,
हात गार, अंगाला घाम.
अन् रात्री बीपी बगावं तर पुन्हा चढलेलं.
गोळी डुप्लिकेट हाय का?"

"काका, तुमच्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो?"
"आठ. कधी दहा."
"मग आलेलं पाणी त्याच दिवशी पिऊन टाकता?"
ते हसले.
मग हसायचे थांबले.

ही गोळी म्हणजे भरलेला रांजण, काका,
चोवीस तास पुरवायचा.
तुम्ही रोज सकाळी
रांजण फोडून तिच्या तोंडात ओतताय.

बराच वेळ ते तळहातानं
आधीच स्वच्छ असलेला काउंटर पुसत राहिले.
"कुणी सांगितलंच न्हाई," म्हणाले.
खरं होतं.
डॉक्टरांनी लिहिलं, मी दिलं.
पैसे कमी होते म्हणून पट्टीतल्या चारच गोळ्या
मीच कात्रीनं कापून दिल्या होत्या,
आणि ती दोन अक्षरं
कात्रीच्या अलीकडं, माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली.

डॉक्टरांना फोन लावला.
आता साधी गोळी, दिवसातून दोनदा.
ही कुटली तर चालते.

त्याच आठवड्यात शमशादबी आल्या,
वर्तमानपत्राच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून.
"ये देखो बेटी, पूरी की पूरी निकली. धोके लाई मैं.
पैसे वापस दे."
मी वाकून बघितलं.
गोळीच होती, गोल, शाबूत, आतून पोकळ.
औषध कधीच अंगात गेलं होतं,
नुसतं घर बाहेर आलं होतं, कुलूप न काढता.
हे समजावताना मी दोनदा हरले.
शेवटी त्यांनी साखर तपासली, ती उतरलेली निघाली.
कागद मात्र माझ्याकडंच ठेवून गेल्या.

तेव्हापासून मी कात्री उलट्या बाजूनं चालवते,
नाव गिऱ्हाईकाकडं जाईल अशी.
आणि लाल पेनानं पुडीवर लिहिते, कुटू नये.
वाचता येत नसेल त्याच्यासाठी
खलबत्ता काढून त्यावर फुली.
चित्र नीट जमत नाही.
एकानं विचारलं, ताई, ही हंडी कशाची?

काल आसाराम आले, तसेच मोठ्यानं.
चौत्राबाईंचं बोलणं सुटायलंय, म्हणाले,
महिन्याला एखादा शब्द.
पहिला "पाणी".
दुसरा, तो दुकानात सांगण्यासारखा नाही,
तरी त्यांनी सांगितलाच, रांगेत सहा माणसं उभी असताना.
"अन् परवा सकाळी," आवाज थोडा खाली आला,
म्हणजे पलीकडच्या चपलांच्या दुकानापर्यंतच ऐकू गेला,
"माझ्याकडं बगून म्हणती कशी,
खल धू."