साडेनऊला एक

जॉयविन म्हणाला, अकरा कर.
हेड अजून घास, पॅकिंग पातळ घाल.
जहाजावर त्याने सगळं वाचून ठेवलेलं,
कागदावर बाण काढून आणलेले.

मी फोंड्याची, चारींची.
बाबांनंतर लेथ माझ्याकडे आला,
आणि शाळेच्या प्रयोगशाळेने भंगारात काढलेलं ब्युरेट.
हेड उलटं ठेवायचं, वर काच, काचेला भोक,
भोकातून थेंब थेंब रॉकेल.
बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून.

एका सिलिंडरचा घास तीनशे पंचवीस मिलिलिटर.
त्याच्या माथ्यावर साडेबत्तीस जागा ठेवली की अकराला एक,
अडतीस सोडली की साडेनऊ.
मधला फरक
खोकल्याच्या औषधाचं एक झाकण.

‘एवढ्यासाठी भितेस?’

बिलांवर वजन म्हणून ठेवलेला पिस्टन मी त्याच्या हातात दिला.
आरपार बघ, म्हटलं.
त्याला भोकातून समोरचा बसथांबा दिसला असेल.
कुडचड्याच्या एका गाडीचा हा. साडेअकरा.
मीच घासून दिलेलं,
तेव्हा मला नाही म्हणता येत नव्हतं.

पंपावर आज काय मिळेल ते पंपवालाही सांगत नाही.
मे महिना, एसी चालू, बोरीच्या पुलावर अर्धा तास रांग,
आणि मग रांग सुटते, पाय दाबला जातो,
ठिणगीची आग पोचायच्या आधीच
कोपऱ्यातली हवा आपणहून पेटते.
पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत
तसा आवाज.
तो ऐकला की पाय उचलायचा. ऐकला तर.

‘गाडी वर्षातून किती महिने तुझ्याकडे?’
‘पाच.’
‘आणि सात?’
तो जरा थांबला.
‘डॅडी चालवतो.’

आगुस्तीन अंकलना सगळा फोंडा ओळखतो.
बाजारातून मासळी घेतली, चौथा गिअर टाकला,
की घराच्या फाटकापर्यंत काढत नाहीत.
चढावर इंजिन गुडघ्यावर आलं तरी चौथाच.
मुरगाव बंदरात तीस वर्षं विंचवर होते.
डावा कान गेलेला,
उजव्याने हवं तेवढंच ऐकतात.
चिंचोके वाजले तर त्यांना सांगणार कोण?

जॉयविनने कागदाची घडी घातली.
मी बिलावर साडेनऊ लिहिलं,
खाली, टायमिंग दोन अंश मागे.
‘दहा?’
मी मान हलवली.
‘पावणेदहा?’
हा काय बांगड्याचा वाटा आहे, म्हटलं,
तेव्हा तो हसला, पण तोंड दुसरीकडे करून.

ऑक्टोबरात तो जहाजावर गेला.
नाताळाच्या आधी एका दुपारी
दुकानासमोरच्या चढाला निळी गाडी लागली,
डिकी नारळांनी दबलेली,
एसी चालू, काचा वर,
गिअर अर्थातच चौथा.
मी लेथ बंद केला.
शटरला हात लावून उभी राहिले,
ती वर येईपर्यंत.
नुसता धापा टाकल्याचा आवाज. चिंचोके नाहीत.

अंकल उतरले, बॉनेटवर थाप मारली.
‘पोराने पुष्कळ पैसे घातले म्हणे हिच्यात.
मला तर पूर्वीसारखीच वाटते.’

होय अंकल, म्हटलं, उजव्या कानाशी जाऊन,
आणि सहा नारळ ठेवून घेतले.