बारदान

मागच्या सात दिवसांत दुखलं का, शून्य ते दहा, एक आकडा सांगा.
शून्य म्हणजे काहीच नाही.
दहा म्हणजे याहून जास्त कल्पनाच करवत नाही.
हे वाक्य मी दिवसातून चौदा वेळा म्हणते,
मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला अर्थाकडं बघायला वेळ नसतो, तसं.

गेनबा ढमढेरे, वय त्रेसष्ट, अन्ननलिका, तिसरी स्टेज.
छत्तीस वर्षं मार्केट यार्डात तोलणार,
आधी कांदा-बटाटा, मग मिरचीचा गाळा.
ते म्हणाले, "बारदान किती धरलं?"
मला कळलं नाही.
"रिकाम्या गोणीचं वजन, ताई. ते आधी वजा करायचं,
मग मालाचं खरं वजन निघतं.
गुडघा वीस वर्षं दुखतोय, पाठ त्याच्याही आधीपासून.
ते धरून सांगू, का सोडून?"

फॉर्मवर तशी सोय नव्हती.
मराठी करताना तो तीन समित्यांनी तपासला होता
आणि तिन्हीत कुणी कधी गोणी उचललेली नसावी.

मग ते आपणहूनच सांगू लागले.
घास उतरताना सलतं. पाण्यानं कळ येते.
रात्री ठणकतं, पहाटे नुसतं ठसठसतं.
सलाईन झाल्यावर तिसऱ्या दिवशी तळपाय भगभगतात,
मिरचीचा गाळा झाडल्यावर हात भगभगायचे तसे,
फक्त हे धुऊन जात नाही.
"यातलं कुठलं काट्यावर ठेवू?"
सगळ्यात जास्त असेल ते, मी म्हटलं.
"तीन."

त्यांच्या पाठीमागं सुगंधाबाई उभ्या होत्या.
एका हातात डबा, म्हणून आधी पाच बोटं दाखवली,
मग दोन.

नियम असा, की रुग्ण सांगेल तोच आकडा.
मी तीन लिहिलं.
समासात पेन्सिलीनं सात. मग खोडलं.
कागद तिरका धरला की अजून दिसतं.

वजन करताना ते चपला काढायचे,
खिशातली चिल्लर, चष्म्याचं घर, किल्ली
माझ्या टेबलावर ओळीनं ठेवायचे,
आणि दर वेळी तेच:
"तुमचा काटा पुढं आहे, ताई. चारेकशे ग्रॅम."
मी हसून लिहायची. अठ्ठावन्न. पंचावन्न. साडेपन्नास.
"तूट येतीय," ते म्हणायचे,
कांदा चाळीत सुकतो त्याबद्दल बोलावं तसं.
अठ्ठेचाळीसला काहीच म्हणाले नाहीत.
चिल्लर उचलायला विसरले.

पाचव्या भेटीला ते आले नाहीत.
न आलेल्याच्या रकान्यात आम्ही नव्याण्णव भरतो.
क्विंटलला एक किलो कमी.
त्यांना सांगितलं असतं तर हसले असते,
हसताना दुखायचं तरी.

सुगंधाबाई बिबवेवाडीहून रिक्षानं आल्या,
उरलेल्या गोळ्या परत द्यायला.
दिल्या होत्या अठ्ठावीस, उरल्या अकरा.
"मोजून घ्या. त्यांनी सांगून ठेवलंय."
मी मोजल्या. त्यांनीही मोजल्या, बोटानं सरकवत.
ती चिल्लर मी पाकिटात घालून ठेवली होती, तेवीस रुपये.
त्या दारापाशी थांबल्या.
"तीन नव्हते हो," म्हणाल्या,
आणि पाकीट न मोजताच कमरेला खोचलं.

गेल्या मंगळवारी काटा तपासणारा आला, भोसरीचा,
कळकट पिशवीतून वीस किलोचं लोखंडी वजन काढून ठेवलं.
वीस किलो चारशे वीस.
"वर्षभर तरी पुढं असणार, मॅडम."

आता एकशे बारा माणसांच्या नोंदी खाली आणायच्या.
दुरुस्तीच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो:
चूक प्रथम कोणाच्या लक्षात आली?
नाव लिहायला मनाई आहे, फक्त क्रमांक चालतो.
मी लिहिलं, क्रमांक एकेचाळीस.
पुढं जागा उरली होती थोडी.
लिहिलं, तोलणार.